लेकराच्या मापाचं साधन: नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा कमी आहे. ती दीड वर्षाची असल्यापासून मी थेरपीच्या खोल्यांबाहेरच्या बाकांवर बसते आहे. शेजारी बसलेली आई कधी काटोलची असते, कधी उमरेडची, कधी आमच्याच महाल भागातली, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही. इतक्या वर्षांत विचारून, वाचून आणि चुकून जे समजलं ते इथं एकत्र लिहिलं आहे. तुमच्या लेकराबद्दलचा निर्णय त्याला हात लावून तपासणाऱ्या माणसाशी बोलूनच घ्या.

घरचे म्हणतात, "याचा बापही उशिराच चालला होता." किती वाट पाहायची?

वाट पाहू नका. बाळ ४ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, ९ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, हाक मारली तर वळत नाही, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहते. यातलं एक जरी दिसलं तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही निघालं नाही तर एक दिवस गेला, एवढंच. निघालं तर हातात आलेले महिने मोलाचे असतात, कारण पहिल्या २-३ वर्षांत मेंदू ज्या वेगानं नवं शिकतो तो वेग पुढं राहत नाही. निदानाचं नाव पक्कं व्हायच्या आधीसुद्धा थेरपी सुरू करता येते.

कानाचा हिशेब तर अगदी महिन्यांत आहे. जन्मानंतर महिन्याच्या आत तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत यंत्र व थेरपी. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं या आनंदात ही तपासणी राहून जाते. ती राहू देऊ नका.

नागपुरात सुरुवात कुठून करायची?

मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, यांतलं जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल तिथला बालरोग विभाग. गावाकडच्या लेकरांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. हा कार्यक्रम २०१३ पासून चालतो. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, आणि गरज दिसली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. अंगणवाडी सेविकेला पथकाची तारीख विचारून ठेवा.

शहरात केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. सगळे त्याला सीआरसी म्हणतात. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत ते चालतं. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, मानसशास्त्रीय चाचणी, कृत्रिम अवयव आणि स्प्लिंट (हातापायाला बांधायचा आधार) हे सगळं एका छताखाली असावं, अशीच या केंद्रांची रचना असते. दृष्टिहीन मुलांसाठी दक्षिण अंबाझरी मार्गावर ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आहे, कर्णबधिर मुलांसाठी शंकरनगरची शाळा आहे.

एक जाड फाइल करा आणि जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डापासून सगळं तारखेनं लावा. प्रत्येक नवा डॉक्टर "जन्मल्यावर रडलं होतं का?" यापासूनच सुरुवात करतो. चार वर्षांनी नेमकं उत्तर आठवत नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर लेकरावर शिक्का बसेल, असं सासूबाई म्हणतात.

माझ्याही म्हणाल्या होत्या. दोन वर्षं आम्ही प्रमाणपत्र काढलं नाही, आणि त्या दोन वर्षांत मिळू शकलं असतं ते सगळं हुकलं. नातेवाइकांना दाखवायला ते नसतंच, हक्क मागायला असतं. आता सासूबाईच प्रत्येकीला "आधी कागद काढ माय" म्हणून सांगतात.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. कार्डावरची पट्टी पांढरी असेल तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळी असेल तर ४० ते ८० च्या मधलं, निळी असेल तर ८० किंवा त्याहून जास्त. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकल सेल आणि अध्ययन अक्षमताही त्यांत येतात. सिकल सेलचं मुद्दाम सांगते, कारण विदर्भात हा आजार घराघरांत आहे आणि तो या यादीत बसतो हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ व्या वर्षापासून मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. लहान मुलांना पुष्कळदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्हीलचेअर, कानाचं यंत्र अशी साधनं फुकट मिळतात का?

केंद्राची एडिप योजना आहे. घरचं उत्पन्न महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढं ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. बरीचशी साधनं कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कारखान्याची असतात. रेशीमबाग मैदानावर मोठी वाटप शिबिरं झाली ती तुम्ही पाहिली असतील. शाळेत नाव असेल तर समग्र शिक्षा अभियानातूनही साधनं मिळतात. शिवाय महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या निधीतून काय मिळतं ते लेखी विचारा. तोंडी विचारलं की "पाहू" एवढंच उत्तर येतं.

एडिपमध्ये एक साधन मिळालं की तेच पुन्हा मिळायला ३ वर्षं थांबावं लागतं. पण १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकच वर्षाची आहे, आणि हे पालकांना कुणी सांगत नाही. लेकरू वाढतं, साधन वाढत नाही, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलेलं आहे. वर्ष झालं की माप पुन्हा घ्यायला लावा.

व्हीलचेअर मोठी मिळाली. "वाढेल तशी बसेल तिच्यात" म्हणाले. चालेल का?

नाही चालणार. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण ही चूक माझ्या घरात झाली.

मुलगी ५ वर्षांची असताना एका ठिकाणाहून आम्हाला देणगीत खुर्ची मिळाली. मोठ्या माणसाची होती. फोटो निघाला, नारळ फुटला, आम्ही हात जोडले. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरायची, म्हणून मी उशा खोचायची. पाय पायपट्टीपर्यंत पोचायचे नाहीत, लोंबकळत राहायचे. चाकांपर्यंत तिचे हात कधी गेलेच नाहीत. वर्षभरानं तिच्या वाढदिवसाला जुने फोटो पाहत बसलो होतो, तेव्हा माझ्या भावानं विचारलं, "ताई, ही प्रत्येक फोटोत डावीकडंच का झुकलेली आहे?" मी एकेक फोटो उघडत गेले. फेब्रुवारीत थोडी झुकलेली होती, जूनमध्ये जास्त, आणि दिवाळीत डावा खांदा हाताच्या दांडीला टेकलेला. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसलं नव्हतं. नंतर एका ऑक्युपेशनल थेरपिस्टनं तिला जमिनीवर बसवून शिंप्याच्या टेपनं चार मापं घेतली. कागदावरचे चार आकडे आणि आमच्या खुर्चीचे चार आकडे, एकही जुळत नव्हता.

ती चार मापं तुम्हीही घेऊ शकता. नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत पायाची लांबी, आणि बैठकीपासून बगलेपर्यंत पाठीची उंची. खुर्चीची रुंदी लेकराच्या रुंदीपेक्षा जराशीच जास्त हवी. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची खळगी यांत दोन बोटं जावीत. बैठक त्याहून लांब असेल तर लेकरू पुढं घसरतं आणि पाठीला पोक येतो. तळपाय पूर्ण टेकलेले हवेत. पट्टा पोटावरून नको, मांडी जिथं कमरेला मिळते तिथून तिरपा खाली जायला हवा.

रेक्झिनची बैठक वापरून झोळीसारखी खाली जाते. मग दोन्ही गुडघे आत वळतात आणि कंबर एका बाजूला कलते. सुताराकडून मापाची प्लायची फळी कापून घ्या आणि तिच्यावर कडक फोमची गादी टाका. आमच्या खुर्चीत पहिला फरक याच फळीनं पडला. मऊ गादी टाकू नका, ती छान वाटते पण आधार देत नाही. मात्र ज्या लेकराला खालच्या अंगाची संवेदना नाही, उदाहरणार्थ मणक्याचा जन्मजात दोष असलेलं, त्याची गादी थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या, कारण त्याला जखम झालेली कळत नाही. लेकराला खुर्चीतून उतरवल्यावर रोज कातडी पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथं काहीतरी टोचतं आहे.

सेरेब्रल पाल्सीत जे मूल स्वतः चालत नाही, त्याच्या खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो. सुरुवातीला दुखतही नाही. डॉक्टरांना विचारून ठरावीक काळानं खुब्यांचा एक्स-रे काढत राहा.

पायातलं स्प्लिंट उन्हाळ्यात घालतच नाही. रडतं.

मे महिन्यात ४५ अंशांत प्लास्टिकचा बूट पायाला बांधून पाहा, आपणही रडू. पायाचं हे स्प्लिंट, म्हणजे एएफओ, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं असतं आणि त्यातून हवा जात नाही. आतून गुडघ्यापर्यंतचा, शिवण नसलेला सुती मोजा घाला आणि दिवसातून दोनदा बदला. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी, अशी वेळ वाटून द्यायला आम्हाला थेरपिस्टनंच सांगितलं होतं. तुम्हीही परस्पर बंद करू नका, विचारून वेळ बदला. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत स्प्लिंट विसरू नका, उष्णतेनं आकार बिघडतो. टाच आत पूर्ण बसली आहे ना, ते आधी पाहा. टाच वर राहिली तर ते स्प्लिंट घालूनही उपयोग नाही. बूट एक नंबर मोठा लागतो, आणि नवा जोड घेताना स्प्लिंट सोबत न्या. बर्डीच्या बाजारातल्या दुकानात मी एकदा नुसत्या पायाच्या मापानं बूट घेऊन आले होते.

जन्मतः पाय आत वळलेला आहे. ऑपरेशनच करावं लागेल का?

बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन लागत नाही. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण ५ ते ७ वेळा. मग पुष्कळ बाळांच्या टाचेमागची शीर एका छोट्या छेदानं मोकळी करतात. त्यानंतर दांडीनं एकमेकांना जोडलेले बूट येतात, पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, पुढं ४-५ वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना. पाय सरळ दिसला की घरचे हे बूट सोडतात आणि पाय पुन्हा वळतो. उपचार इथंच वाया जातो.

कानाचं यंत्र काढून फेकतं. काय करावं?

आधी चिडू नका, कारण शोधा. यंत्राचा कानात बसणारा साचा लहान झाला असेल. तान्ह्या बाळाचा कान इतका भराभर वाढतो की साचा काही महिन्यांतच बदलावा लागतो. शीळ वाजते ती बहुधा साचा सैल झाल्यामुळं. आवाज जास्त ठेवला गेला असेल तरी मूल यंत्र ओढून काढतं. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन दोन्ही तपासा. यंत्राला दोरी लावून क्लिपनं कॉलरला अडकवा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे कूलर. एप्रिल ते जून घरात कूलर चालू असतो, त्याची घरघर यंत्रातून मोठी होऊन कानात जाते आणि आईचा आवाज तिच्यात बुडतो. दिवसातून दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, कूलर बंद करून लेकराला जवळ घ्या आणि बोला, गाणी म्हणा, भाजी निवडताना भाजीचं नाव घ्या. हवेतला ओलावाही यंत्राला मारतो. रात्री सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. बटनासारखे सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. सेल गिळला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशननं कानाच्या आत बसवायच्या यंत्रासाठी, एडिपमधून मदत मिळते. जन्मजात बहिऱ्या लेकरांसाठी ती ५ वर्षांपर्यंतच आहे, आणि तिचं काम अली यावर जंग संस्था पाहते. ऑपरेशन झालं की लेकरू दुसऱ्या दिवशी ऐकू-बोलू लागेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पुढची काही वर्षं ऐकायला शिकवावं लागतं.

चित्रांचा तक्ता किंवा बोलणारं अ‍ॅप दिलं तर ते बोलायचा प्रयत्न सोडेल का?

सोडत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. चित्रांनी, खुणांनी किंवा यंत्रानं बोलायला मिळाल्यामुळं मुलांचं तोंडी बोलणं कमी होत नाही, काहींचं वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप मोफत आहे. पण सुरुवात मोबाइलपासूनच करायला हवी असं नाही. जाड पुठ्ठा, घरातल्या वस्तूंचे फोटो आणि चिकटपट्टी पुरते.

तक्त्यावर पहिलं चित्र "नको"चं लावा. आपण सगळे आई, पाणी, शी, जेवण यांनी सुरुवात करतो, म्हणजे आपल्या सोयीच्या शब्दांनी. माझ्या मुलीनं पहिल्यांदा बोट ठेवलं ते "नको"वर, आणि समोर मी खिचडीचा चमचा धरलेला होता. तिला खिचडी आवडत नाही हे मला ती ६ वर्षांची झाल्यावर समजलं. त्या दिवशी मी खिचडी बाजूला ठेवली, कारण तिचा पहिला शब्द मोडला असता तर तिनं दुसरा कशाला सांगितला असता?

तक्ता लेकरासोबत फिरायला हवा. शाळेत, मामाकडे, न्हाणीघराच्या दाराला.

दिसत नाही, पण मोबाइल बोलतो. मग ब्रेल शिकवायची गरज काय?

गरज आहे. ऐकून माहिती मिळते, ऱ्हस्व-दीर्घ आणि गणिताची मांडणी बोटांखाली आल्याशिवाय येत नाही. दोन्ही शिकवा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीच असतं, संगणकावर त्याच कामाचं एनव्हीडीए मोफत टाकता येतं, सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तकं मिळतात. थोडंफार दिसत असेल तर अल्पदृष्टीची तपासणी आवर्जून करा. नुसतं ठळक काळ्या शाईनं लिहिलं आणि टेबलावर दिवा लावला, तरी कित्येक मुलं वाचू लागतात.

थेरपी रोज हवी का? मालिश, स्टेम सेल (मूळ पेशींचा उपचार) यांचं काय?

आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा, बाकीचे तास घरचे. व्यायामाची वेगळी वेळ काढायला गेलात तर दोन महिन्यांत दमाल. कपडे घालताना हात वर करायला लावा, दात घासताना स्टँडिंग फ्रेममध्ये (उभं राहायला आधार देणाऱ्या चौकटीत) उभं करा, पोळी लाटताना कणकेचा गोळा हातात द्या. थेरपिस्टला दर ३ महिन्यांनी एकच विचारा: पुढच्या ३ महिन्यांत हे स्वतः काय करू लागायला हवं? उत्तर "टोन (स्नायूंचा ताण) सुधारेल" असं आलं तर पुन्हा विचारा. "चमचा स्वतः धरेल" असं उत्तर हवं.

तेलमालिशीनं लेकराला बरं वाटतं, जरूर करा, पण ताठलेले स्नायू तेवढ्यानं सैल होऊन राहत नाहीत. स्टेम सेलसाठी शेत विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता असलेल्या मोजक्या आजारांखेरीज हा उपचार फक्त संशोधनात, परवानगीनंच करता येतो. सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता त्या मोजक्या आजारांत नाहीत. लाखो रुपये भरून परत आलेल्या आया मी त्याच बाकावर पाहिल्या आहेत.

शाळा म्हणते, "आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत टाका."

सरकारी आणि अनुदानित शाळेला असं म्हणून दार बंद करता येत नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. निवड पालकांची. नकार लेखी मागा. पुष्कळदा लेखी मागितल्यावरच नकार मागे घेतला जातो. समग्र शिक्षातले विशेष शिक्षक तालुक्याला असतात, अंथरुणावरच्या मुलांकडे ते घरीही येतात. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, पण कागदपत्रं वर्षाच्या सुरुवातीलाच द्या.

आणखी काय मिळतं?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असेल तर निरामय विमा काढा. १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची वजावट आहे. एसटी आणि रेल्वेत सवलत आहे. शहरात खुर्ची घेऊन फिरायला मेट्रो सगळ्यात सोपी, लिफ्टमुळं. स्टेशनपासून घरापर्यंतचा फूटपाथ मात्र अजून आमच्या लेकरांसाठी बांधलेला नाही.

खुर्ची मोडली तर दुरुस्त कुठं करायची?

मागच्या मोठ्या चाकाचा टायर-ट्यूब मोहल्ल्यातला सायकलवाला बदलून देतो, ब्रेकचा नटही तोच कसतो. पुढच्या लहान चाकात केस आणि धागे अडकतात, महिन्यातून एकदा ते चिमट्यानं ओढून काढा आणि बेअरिंगला दोन थेंब तेल द्या. रेक्झिन फाटलं तर रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडे न्या. चौकट वाकली असेल तर वेल्डिंग करू नका, जिथून मिळाली तिथं लेखी कळवा. आणि सायकलवाल्याकडे जाताना लेकराला सोबत न्या. आमच्या गल्लीतल्या काकांनी मुलीला बसवूनच ब्रेकची दांडी दोन इंच पुढं सरकवून दिली, आता तो ब्रेक ती स्वतः लावते.